महाबळेश्वरच्या डोंगरात लोखंडाची खाण होती का? (मामाच्या बांधावरचा काळा दगड)

सोळशीकाठ

नमस्कार मंडळी. इतके महिने नुसता वाचत होतो, आज पहिल्यांदाच धागा काढतोय.

माझं आजोळ तापोळ्याच्या पलीकडं, सोळशीच्या खोऱ्यात. कोयनेचं धरण झालं तेव्हा खालची भातखाचरं पाण्यात गेली आणि घरं वर सरकली. मे महिन्यात मामाकडं गेलो होतो. घराच्या वरच्या अंगाला नाचणीचा एक तुकडा आहे, त्याला सगळे 'भट्टीचं शेत' म्हणतात. कसली भट्टी, असं विचारल्यावर मामा म्हणाला, "आसंल चुन्याची." पण त्या डोंगरात चुनखडी कुठून येणार?

शेतातले दगड वेचून मामाने बांधावर रचलेत. त्यातले काही काळे, निळसर झाक असलेले. एक उचलायला गेलो आणि हात खालीच ओढला गेला, इतका जड. वरची बाजू मेण वितळून थिजावं तशी, ओघळावर ओघळ. फोडला तर आत बारीक भोकं. साताऱ्यात एकाला दाखवला, तो म्हणाला उल्का आहे, जपून ठेव. दुसरा म्हणाला ज्वालामुखीचा दगड, आपला सगळा सह्याद्री त्याचाच आहे.

माझ्या डोक्यात मात्र आजीचं एक वाक्य घोळतंय. "हितं पूर्वी लोखंड काढायची मान्सं होती." आम्ही पोरं तेव्हा हसायचो. आजी आता नाही. महाबळेश्वरच्या बाजूला खरंच लोखंडाची खाण होती का? कुणाला काही माहीत असेल तर सांगा.

मेढेकर

उल्का नक्की नाही. उल्का अशा ढिगाने बांधावर सापडत नसतात. फोटो टाका.

कराडचे_गुरुजी

छान विषय काढलात. मी भूगोल शिकवायचो, आता निवृत्त आहे. आधी डोंगराचं सांगतो, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल.

आपला सह्याद्री बेसॉल्टचा, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याच्या थरांचा. या काळ्या दगडात लोखंडाचं ऑक्साइड दहा-पंधरा टक्क्यांच्या घरात असतं, पण ते दगडात इतकं विखुरलेलं की काढून उपयोग नाही. महाबळेश्वरला वर्षाला ६००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. लाखो वर्षं असं ऊन-पाऊस खाल्लं की दगडातला चुना, सोडियम, पोटॅशियम आणि बरीचशी वाळूची द्रव्यं विरघळून वाहून जातात. ज्यांना पाणी सहजी नेऊ शकत नाही ती लोखंड आणि ॲल्युमिनियमची ऑक्साइडं मागं उरतात. तोच आपला जांभा. महाबळेश्वरचं पठार, पाचगणीचं टेबललँड, कास, सगळीकडं माथ्यावर ही तांबडी टोपी आहे. फ्रान्सिस बुकानन या स्कॉटिश डॉक्टरने केरळात हा दगड पाहिला. तिथले लोक त्याच्या विटा कापत होते, म्हणून १८०७ साली त्याने त्याला लॅटिनमधल्या विटेच्या शब्दावरून 'लॅटेराइट' नाव दिलं.

तेव्हा खाण म्हणजे खोल विहीर, आत रूळ, असं काही डोळ्यापुढं आणू नका. इथं धातू वरच्या वरच आहे. जांभ्यात जिथं लोखंड जास्त साठलंय तिथले जड, काळपट-तांबडे गोटे वेचायचे किंवा चार हात उकरायचं, एवढंच काम. म्हणून तर खड्डे दिसत नाहीत. दोन-तीनशे पावसाळ्यांत असे उकीर कधीच बुजून जातात.

रानहळद

गुरुजी, नमस्कार! तुमच्या वर्गात बसल्यासारखं वाटलं. फक्त छडी तेवढी नव्हती.

जुनी_पानं

तुमच्या आजी बरोबर सांगत होत्या. त्या माणसांना धावड म्हणत.

मोल्सवर्थच्या १८५७ च्या मराठी कोशात धावड शब्द आहे, आणि अर्थ सरळ दिलाय, लोखंड गाळणारे लोक. १८८५ साली छापलेल्या सातारा जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्येही महाबळेश्वरच्या डोंगरात धावड लोक लोखंड गाळत असल्याची नोंद आहे. हे इथले धावड मुसलमान. पण गॅझेटियर छापलं गेलं तोवर धंदा बसला होता. जळण महागलं, लोखंडाला भाव राहिला नाही, आणि भट्ट्या विझल्या.

इथे थोडं थांबून विचार करावा असं मला वाटतं. पुण्या-मुंबईचे लोक महाबळेश्वरला जातात, स्ट्रॉबेरी खातात, पॉइंट बघतात. १८२८-२९ मध्ये मुंबईचा गव्हर्नर माल्कम याने साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांकडून हे ठिकाण घेतलं, बदल्यात वाईकडचं खंडाळा गाव दिलं, माल्कमपेठ वसवली, हे प्रत्येक माहितीपत्रकात असतं. त्याआधी याच डोंगरात लोक दगडातून लोखंड काढत होते, ही ओळ मी एकाही माहितीपत्रकात वाचलेली नाही. सातारकरांनाही धावड हा शब्द ठाऊक नाही याचं मला मनापासून वाईट वाटतं.

मिरज_जंक्शन

मग साताऱ्याजवळचं धावडशी? आणि आंबेनळी घाट उतरला की थेट पोलादपूर! पोलाद. अजून काय पुरावा पाहिजे?

जुनी_पानं

@मिरज_जंक्शन, नावावरून इतिहास काढायला गेलं की फसायला होतं. धावडशी ब्रह्मेंद्रस्वामींचं म्हणून माहीत आहे, त्यांची समाधी तिथं आहे. तिथं भट्ट्या होत्या असं म्हणायचं तर भट्टीचा मळ, म्हणजे लोखंड गाळताना निघून थिजलेला टाकाऊ भाग, सापडला पाहिजे. पोलादपूरचंही तसंच. आणि धावडांच्या भट्टीत निघायचं ते मऊ लोखंड. पोलाद त्याच्या पुढची पायरी.

मिरज_जंक्शन

मान्य. पण आता पोलादपुराला गेलो की रस्त्याच्या कडेचे दगड उचलून बघणार हे नक्की.

खणपटू

मी धातुशास्त्र शिकलोय, कुपवाडच्या एमआयडीसीत फाउंड्रीत काम करतो. वर्णन वाचून मला हा दगड भट्टीचा मळ वाटतो. आम्ही रोज स्लॅग म्हणतो, जुन्या लोहारांच्या भाषेत कीट.

जुनी भट्टी कशी चालायची ते सांगतो. मातीची, कमरेएवढी किंवा छातीएवढी. आत कोळसा आणि भाजून बारीक केलेला धातुक दगड, थरावर थर. खाली मातीच्या नळ्या बसवलेल्या, त्यांना कातड्याचे दोन भाते. एक दाबला की दुसरा उचलायचा, म्हणजे वारा तुटत नाही. शुद्ध लोखंड वितळायला १५३८ अंश लागतात. तेवढी उष्णता या भट्टीत होत नाही आणि व्हायची गरजही नसते. दगडातली माती आणि थोडं लोखंड मिळून होणारा मळ १२०० अंशांच्या आसपास पातळ होतो आणि खालच्या भोकातून काकवीसारखा वाहून बाहेर येतो. लोखंड आतच राहतं, स्पंजासारखा गोळा होऊन. भट्टी फोडून तो लालबुंद गोळा सांडशीने ओढायचा आणि घणाने ठोकायचा. ठोकताना उरलेला मळ ठिणग्यांसारखा उडतो. पाच-सहा वेळा तापवून ठोकल्यावर कुठं लोहाराच्या कामाचं लोखंड हातात येतं.

तुम्हाला दिसलेले ओघळ म्हणजे तो वाहिलेला मळ. आतली भोकं वायूची.

एक सावधगिरी. कुणीतरी सांगेल लोहचुंबक लावून बघा. त्यावर जाऊ नका. आपल्या साध्या काळ्या दगडातही मॅग्नेटाइट असतं, त्यालाही चुंबक थोडं ओढ घेतं. त्यापेक्षा वजन करा. कोरडा दगड तोला. मग पाण्याने काठोकाठ भरलेल्या पातेल्यात सोडा, सांडलेलं पाणी मोजा आणि वजनाला त्या पाण्याने भागा. जांभा दोन-अडीचच्या आसपास येईल, काळा दगड २.८ ते ३. साडेतीनच्या वर गेला तर मळ समजा. शेतात पुन्हा जाल तेव्हा भाजलेल्या मातीच्या नळीचे तुकडे शोधा, एका टोकाला काचेसारखी चकाकी आलेली असते. असा एक तुकडा मिळाला की वाद संपला.

वाईची_वैद्य

खणपटू, तुमच्या या किटाला आम्ही औषध म्हणतो! लोहकिट्ट म्हणजेच मंडूर. पांडुरोगावर, म्हणजे अंगात रक्त कमी असेल तेव्हा, मंडूर भस्म देतात. ग्रंथात स्पष्ट आहे, शंभर वर्षं जुनं किट्ट उत्तम, ऐंशी वर्षांचं मध्यम, साठ वर्षांचं कनिष्ठ, त्याहून नवं विषासारखं. किट्ट तापवून तापवून गोमूत्रात विझवतात, मग पुटं देतात, म्हणजे बंद मातीच्या भांड्यात पुन्हा पुन्हा भाजतात.

माझे गुरू सांगायचे की पूर्वीचे वैद्य जुन्या भट्ट्यांच्या जागा नेमक्या ठाऊक असलेले. मला तेव्हा वाटायचं की हे पुस्तकातलंच. आज पहिल्यांदा कळतंय की वाईहून तासा-दोन तासांवर असं किट्ट पडलेलं असेल.

सोळशीकाठ, घरी काही करून खाऊ नका बरं का.

पश्चिमघाट्या

चर्चा चांगली चाललीय, पण धावडांचं कौतुक करताना एक बाजू राहतेय. ओलं लाकूड जाळून कोळसा केला की वजन पाचाचं एक होतं. आणि अशा भट्टीत एक मण लोखंडाला कित्येक मण कोळसा लागायचा. हे सगळं लाकूड कुठलं? महाबळेश्वरची अंजनी, जांभूळ, हिरडा. अंजनीचं झाड किती सावकाश वाढतं हे त्या रानात राहिलेल्यांना माहीत आहे. १८६५ आणि १८७८ चे जंगल कायदे झाले नसते तर आज तिथं रान दिसलं असतं का? भट्ट्या बंद झाल्या ते बरंच झालं, असं माझं स्पष्ट मत आहे.

जुनी_पानं

मला हे पटत नाही. धावड पिढ्यान् पिढ्या कोळसा करत होते, तरीही माल्कम आला तेव्हा तिथं दाट रान होतंच ना? तेच रान बघून तर साहेब भुलला. पुढं त्याच रानात बंगले बांधले, बंगल्यांच्या चुली पेटल्या, रस्ते झाले. त्याचं लाकूड कुठून आलं? ज्यांचं पोट जंगलावर होतं त्यांनाच कायद्याने बाहेर काढलं आणि वर नासधूस केली म्हणून नावही त्यांचंच. शिवाय जंगलबंदी हे अर्धंच कारण. विलायतेहून जहाजाने येणारं कारखान्याचं लोखंड रेल्वेने गावोगाव पोचू लागलं. घणाखाली दिवसभर राबून काढलेलं लोखंड त्या भावात कोण घेणार? रान मोकळं असतं तरी धंदा फार दिवस टिकला नसता.

पश्चिमघाट्या

बंगल्यांचं मान्य. बोट सगळ्यांकडं गेलं पाहिजे. पण पुरातन म्हणून सगळंच निसर्गाला धरून होतं असं आपण फार पटकन म्हणतो, त्याला माझा विरोध आहे.

ऐरण

माझे आजोबा कोरेगाव तालुक्यात लोहार. पत्र्याच्या छपराखाली भाता, आणि तो ओढायला आम्ही नातवंडं. बैलगाडीच्या चाकाला धाव चढवायचं काम असलं की सगळी आळी जमायची. धाव म्हणजे चाकाभोवतीचा लोखंडी पट्टा. जमिनीवर गोवऱ्यांचं रिंगण करून त्यात धाव लाल करायची, चार जणांनी सांडशीने उचलून लाकडी चाकावर बसवायची आणि लगेच पाणी ओतायचं. फस्स करून वाफ उठायची, लाकूड कुरकुरायचं आणि धाव आवळून बसायची. तो आवाज आणि जळक्या लाकडाचा वास मला आजही येतो.

आजोबा म्हणायचे, "आताचं लोखंड एकसारखं, पण जुन्या लोखंडाला ताव दिला तर ते लाकडासारखं धाग्यात फाटतं." जुना विळा किंवा कुऱ्हाड मोडली की ते टाकून देत नसत, नवीन कामात सांधायला ठेवायचे. धागे कसले असतील ते आज खणपटूंचं वाचून लक्षात आलं. तो आत राहिलेला मळच असणार ना?

खणपटू

अगदी बरोबर! ठोकताना मळ पूर्ण निघत नाही, लांब लांब रेषा होऊन आत राहतो. तुमच्या आजोबांनी सूक्ष्मदर्शकाशिवाय ते ओळखलं होतं.

छत्रपतींचा_मावळा

म्हणजे प्रतापगडाच्या तलवारी याच लोखंडाच्या! गड १६५६ चा, भट्ट्या समोरच.

जुनी_पानं

मोह होतो, पण तसं म्हणता येत नाही. चांगल्या तलवारींची पाती तेव्हा परदेशातूनही यायची, म्हणून तर 'फिरंग' नाव. या भट्टीतलं लोखंड फाळ, विळे, खिळे, कड्या, घोड्याचे नाल यांना योग्य. मला यात कमीपणा वाटत नाही. गडाच्या दरवाजाचा खिळाही कुणीतरी घडवलेलाच असतो.

विट्याचा_गलाईवाला

धागा लोखंडाचा आहे, पण भट्टी म्हटल्यावर आम्हाला गप्प बसवत नाही. आमचा खानापूर-आटपाडीचा दुष्काळी भाग. घरटी एक माणूस गलाईच्या धंद्यात, सोनं-चांदी गाळायला देशभर पांगलेला. मी वीस वर्षं कर्नाटकात आहे. सोन्यात चांदी मिसळून ते आधी पातळ करायचं, मग तेजाबात टाकायचं. चांदी विरघळते, सोनं तळाला काळपट चुऱ्यासारखं बसतं. तो चुरा मुशीत टाकणखार घालून वितळवला की पिवळा होतो. धूर छातीत जातो, सगळ्यांना माहीत असतं, तरी पोरं येत राहतात.

माझं दुकान कोलारच्या सोन्याच्या खाणीपासून फार लांब नाही. तिथं १९०२ मध्ये शिवनसमुद्रहून वीज आणली होती. तीन किलोमीटरपेक्षा खोल माणसं उतरायची. २८ फेब्रुवारी २००१ ला खाण बंद पडली. पण तिथं मनोरे उभे आहेत, मळीचे टेकडीएवढे ढीग आहेत, कामगारांच्या वसाहतीतली म्हातारी माणसं सायरनच्या गोष्टी सांगतात. तिथं खाण होती हे कुणाला पटवून द्यावं लागत नाही. सोळशीकाठ दादा, तुमच्याकडं फक्त बांधावरचे दगड उरलेत. ते मामाला रचून ठेवू द्या, पण कुठल्या शेतातले ते लिहून ठेवा.

शिराळकर

आमच्याकडं उलटं आहे. चांदोलीच्या पलीकडं शाहूवाडीत, पुढं राधानगरीत जांभ्याच्या सड्यावर, म्हणजे माथ्यावरच्या सपाट कातळावर, बॉक्साइट (ॲल्युमिनियमचा धातुक दगड) काढतात, कोल्हापूर जिल्ह्यात. गुरुजींनी सांगितलेलंच, जिथं लोखंड न साठता ॲल्युमिनियम साठलं तिथं बॉक्साइट. एक टन ॲल्युमिनियमला चारेक टन दगड लागतो. धावड टोपल्यांनी वेचायचे, इथं यंत्राने सडाच्या सडा सोलतात.

एका खाणीच्या रस्त्यावर माझ्या बहिणीचं घर आहे. उन्हाळ्यात दोरीवरचे कपडे, अंगणातली तुळस, म्हशीची पाठ, सगळं तांबडं. ओढ्याचं पाणी पावसाळ्यात गेरूसारखं वाहायचं. सडा म्हणजे पावसाचं पाणी धरून ठेवणारा रांजण, तो फोडल्यावर खालचे झरे मार्चमध्येच आटले. तक्रारी झाल्या, मोजणी झाली, पुढं काही नाही. धावडांनी रान संपवलं की नाही याचा वाद घालताना हेही डोळ्यांपुढं ठेवा.

पश्चिमघाट्या

@शिराळकर, इथं मी तुमच्याबरोबर आहे. कासचं पठार २०१२ मध्ये जागतिक वारशात गेलं ते फुलांमुळं, पण ती फुलं त्या जांभ्याच्या वीतभर मातीवरच जगतात. खालचा दगड गेला तर फुलं कशावर येणार?

पाचगणीची_लेक

मी इथं कधी लिहीत नाही, पण आज लिहिते. माझ्या आईचं माहेर धावडांचं.

घरात मराठीच बोलतात. ईद करतो, आणि गावच्या जत्रेला नारळही जातो. भट्टी आमच्यात कुणीच पाहिलेली नाही, माझ्या आजोबांच्या आजोबांनीही पाहिली असेल की नाही कोण जाणे. त्यानंतर सगळी मजुरीत गेली, कुणी रानातलं गोळा करून विकायचं, कुणी बंगल्यांवर कामाला. शाळेत मुलींनी विचारलं होतं, धावड म्हणजे काय गं? पळणारे का? मला उत्तर देता आलं नव्हतं. आईला विचारलं तर म्हणाली, "आपण लोखंडवाले." तेवढंच. मला वाटायचं आपलं भंगाराचं दुकान असेल पूर्वी.

आज हा धागा मी आईला वाचून दाखवला. खणपटूंनी भात्याचं लिहिलंय ते दोनदा वाचायला लावलं. मग ती म्हणाली, तिच्या आजीने रडणाऱ्या पोराला मांडीवर घेतलं की ती दोन्ही हातांनी आळीपाळीने थोपटायची, एक खाली, एक वर, आणि तोंडाने "हुप-फू, हुप-फू" करायची. सगळी हसायची. आईला आज वाटतंय तो भाता असेल.

ऐरण

ताई, तो भाताच. आमच्याकडंही भाता ओढताना असाच ताल धरायचे. अंगावर काटा आला.

जुनी_पानं

मी जे कोशातून आणि गॅझेटियरमधून सांगत होतो ते तुमच्या घरात अजून शिल्लक आहे. आईंना माझा नमस्कार सांगा. त्यांना आठवतील ते शब्द जमलं तर लिहून घ्या, अगदी तुटक असले तरी.

सोळशीकाठ

मंडळी, उशीर झाला, माफ करा. परवा तापोळ्याला जाऊन आलो. लाँच बंद होती, लांबून वळसा घालून गेलो.

आधी वजन. मामीच्या दुधाच्या काट्यावर दगड १ किलो १४० ग्रॅम भरला. पातेलं परातीत ठेवून काठोकाठ भरलं आणि दगड दोरीने हळूच सोडला. सांडलेलं पाणी मापाने मोजलं, ३१० मिली. भागाकार ३.६८. शेजारचा साधा काळा दगडही तसाच मोजला, २.९ आला. जांभ्याचा तुकडा २.३. खणपटू, तुम्ही म्हणालात तसंच.

मग मी आणि मामेभाऊ शेतात उतरलो. नाचणी पेरायची होती म्हणून नांगरट झालेली. तासाभराने वरच्या कोपऱ्यात, जिथं माती काळी आणि भुसभुशीत आहे, तिथं भाजलेल्या मातीचा एक तुकडा मिळाला. बोटभर लांब, मधून गोल पोकळ. एक टोक विटेसारखं तांबडं, दुसरं काळं-हिरवं, बाटलीची काच वितळल्यासारखं. पोकळीत माझी करंगळी बरोबर बसली. आतल्या भिंतीवर बोटांचे ठसे आहेत, म्हणजे ओल्या मातीवर कुणीतरी हाताने सारवल्यासारखे. ते बघत मी तिथंच खाली बसलो.

मामाला सांगितलं की ही चुन्याची भट्टी नाही, लोखंडाची आहे. तो बराच वेळ त्या तुकड्याकडं बघत राहिला. मग म्हणाला, "आई म्हनायची ते खरंच की रं."

खणपटू

नळीच आहे. भात्याचं टोक याच भोकात बसायचं. आता शेतात आणखी खोदू नका. त्या काळ्या मातीत कोळसा असणार, तो हलला तर वय काढणं अवघड होतं. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात पुरातत्त्व विभाग आहे, तिथं फोटो, मोजमाप आणि जागेचा नकाशा पाठवा.

कराडचे_गुरुजी

आणि कोपऱ्यात चार दांड्या ठोकून ठेवा, मामांना सांगा तेवढी जागा यंदा पडीक राहू दे.

सोळशीकाठ

मामा तयार आहे. म्हणतोय, दोन पायली नाचणी कमी आली तर चालंल. @पाचगणीची_लेक, पावसाची उघडीप मिळाली की आईंना घेऊन या. तापोळ्यापर्यंत मी न्यायला येतो. नळीचा तुकडा घरात देवळीत ठेवलाय, आधी त्यांच्या हातात देतो, मग पुण्याला.

पाचगणीची_लेक

आई आत्ताच विचारतेय, गणपतीनंतर चालेल का?